साहेबांचे हात

शहरातल्या कुठल्याही जुन्या कचेरीच्या सभागृहात मान वर करून पाहिलं, की भिंतीवर ओळीने साहेब बसलेले दिसतात. माजी अध्यक्ष, माजी मुख्याध्यापक, माजी कारखानदार. माजी झाल्याशिवाय भिंत मिळत नाही, असा तिथला रिवाज. सगळ्यांच्या अंगात गडद कोट, पाठीमागे तपकिरी अंधार, आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर असे घट्ट ठेवलेले, की कुणी खुर्ची काढून नेईल ही धास्ती अजून गेली नसावी. ही सगळी तैलचित्रं एकाच माणसाने काढलेली आहेत. कोपऱ्यात त्याची सही आहे, पण ती वाचायची गरज कुणाला पडत नाही, कारण अख्खं शहर त्याला 'हुबेहूब' म्हणून ओळखतं. चित्रावरचं फडकं काढताना पेंटर स्वतःच म्हणायचे, "घ्या, हुबेहूब!" त्यामुळे समोरच्याने तोंड उघडण्याआधीच निकाल लागलेला असायचा.

चेहरा खरोखरच हुबेहूब असे, त्याबद्दल वाद नाही. कोट मात्र पेंटरांचा होता, खुर्ची त्यांच्या घरातली होती, आणि हात त्यांच्या बायकोचे होते.

याची सुरुवात एका बँकेच्या अध्यक्षांपासून झाली. अध्यक्ष तेव्हा नुकतेच वारले होते आणि बँकेने पेंटरांकडे त्यांचा एक बोटभर फोटो पाठवला, ओळखपत्रावरचा. त्यात साहेब टायच्या गाठीपाशी संपत होते. पुढे साहेबांचं काय होतं, हे बँकेतही कुणाला नीट आठवेना. पेंटरांनी डोकं लढवलं. कोट स्वतःचा काढला, खुर्ची खिडकीशी ओढली. हातांपाशी गाडी अडली, कारण स्वतःचे दोन्ही हात चित्र काढण्यात गुंतलेले. शेजारच्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. पेंटर म्हणाले, "अगं, जरा दोन मिनिटं बस इथे." ती दोन मिनिटं पुढे तीस-पस्तीस वर्षं चालली.

पेंटरीणबाईंची बोटं लांबसडक होती आणि नखं सपाट. डाव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून ती किंचित बाहेर झुकलेली. पेंटर बोटांचे सांधे थोडे जाड करत, मनगटावर चार केस टाकत, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर अंगठीही चढवत. करंगळी सरळ करायचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. परिणाम असा झाला, की शहरातल्या यच्चयावत कर्तबगार पुरुषांच्या डाव्या करंगळ्या बाहेर झुकल्या. एका समारंभात एक निवृत्त प्राध्यापक चित्रांकडे बोट दाखवून म्हणाले, की हे शहर ज्यांनी घडवलं त्यांच्या हातांची ठेवणच वेगळी होती, पाहा, निश्चय कसा बोटाबोटांत उतरला आहे. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या पेंटरीणबाईंनी आपले हात पिशवीखाली घेतले.

त्यांच्या मुलीला मात्र हे गुपित शाळेतच कळलं होतं. तिच्या शाळेच्या सभागृहात पहिल्या मुख्याध्यापकांचं चित्र होतं. परीक्षेच्या दिवशी ती त्याच्याखाली जाऊन उभी राहायची आणि टाचा उंच करून साहेबांच्या हाताला बोट लावून यायची. पोरीची ही निष्ठा पाहून वर्गातल्या शिक्षिका गहिवरल्या आणि त्यांनी तिला मुख्याध्यापकांच्या जीवनावर निबंध लिहायला लावला. मुलगी आता नोकरीसाठी दूर असते. आई कशी आहेस, असं ती फोनवर विचारते, आणि आई बरी आहे म्हणते.

आई तशी बरी नव्हती. बोटं सकाळी उघडत नव्हती. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले, वय झालं म्हणाले, आणि हाताने काय काम करता असं विचारलं. घरातलं सगळं करते, बाई म्हणाल्या, आणि राहिलेल्या वेळात हात ठेवून बसते. डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत, पण गोळ्या घेऊन घरी आल्या.

मग एक दिवस पतपेढीच्या मावळत्या अध्यक्षांचं काम आलं. पेंटरांनी नेहमीप्रमाणे खुर्ची खिडकीशी ओढली, कोट झटकला आणि हाक मारली. बाई आल्या, कोट चढवला, बसल्या, हात ठेवले. काम संपल्यावर कोट काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "हे शेवटचं. आता मी निवृत्त होतेय."

पेंटरांना वाटलं, गंमत चालली आहे. तेही गमतीने म्हणाले, की मग निरोप समारंभ करायला हवा.

"समारंभ नको," बाई म्हणाल्या. "निवृत्त झालेल्या माणसाचं चित्र काढतात ना? माझं काढा. फोटोवरून नाही, समोर बसवून. आणि ते या खोलीत लावायचं."

खोलीत आजवर एकही चित्र नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, या न्यायाने भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याला औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर. पेंटर म्हणाले, अगं, आपल्याला एकमेकांचं चित्र कशाला, रोज बघतोच की आपण.

"गावभर भिंतींवर मीच आहे हो," त्या म्हणाल्या. "पण मानेखाली. एकदा वरची पण काढा. नाही जमलं तर तसं सांगा, मी मनाला लावून घेणार नाही."

मनाला लावून घेणार नाही, या वाक्याचा अर्थ संसार केलेल्या माणसाला कोशात पाहावा लागत नाही. पेंटर दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

सुरुवात झोकात झाली. सुरुवात हा त्यांचा हातखंडा. त्यांनी चांगल्या लाकडाची चौकट ठोकली, कोपरे गुण्यात, म्हणजे नेमके काटकोनात, आहेत का ते दोनदा पाहिलं, कॅनव्हास ताणून खिळे मारले आणि वर टिचकी मारून आवाज ऐकला. मग सरस कोमट करून तो कापडाला पाजला. वाळल्यावर पांढरं अस्तर, वर घासकागद, पुन्हा अस्तर, पुन्हा घासकागद. साहेबांना ते एकदाच घासत. इथे त्यांनी असं घासलं, की बाई दारातून म्हणाल्या, चित्रासाठी काही शिल्लक ठेवा. शेवटी पातळ तपकिरी रंगाचा पहिला हात फिरवला, कोळशाच्या कांडीला टोक काढलं आणि पेंटर थबकले.

नेहमीची रीत अशी होती, की फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि या चौकोनातलं त्या चौकोनात उचलून ठेवायचं. नाक कुठे, कान कुठे, सगळं हिशेबात. पण समोर बसलेल्या बायकोवर चौकोन कसे आखणार?

चौकोनांवाचून पेंटरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रंग आणायचं निमित्त केलं आणि गुपचूप मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ गाठला. मेव्हणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. आजवरच्या साहेबांचे फोटो मोठे करून द्यायचं काम त्याचं, त्यामुळे हुबेहूबपणात आपला निम्मा वाटा आहे असं तो चारचौघांत बोलून दाखवी. पेंटरांनी आढेवेढे घेत बहिणीचा एखादा बरा फोटो आहे का विचारलं. दोघांनी मिळून खोकी उपसली. बाई बऱ्याच फोटोंत होत्या, पण कुठे पाठमोऱ्या, कुठे मुलीला पुढे ढकलताना, कुठे कुणाच्या तरी खांद्यामागून अर्ध्या. एका फोटोत चेहरा पूर्ण होता, तर नेमका हलला होता.

"भावजी, ताई घरात समोर बसलेली असताना तुम्ही माझ्याकडे तिचा फोटो मागताय," मेव्हणा म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा." पेंटरांनी त्याचा राग गिळला, कारण दुसरं काही गिळण्यासारखं नव्हतं.

पहिलं चित्र त्यांनी जिद्दीने काढलं. कोळशाने बाह्यरेषा, मग छाया, मग साहेबी रंग. हा रंग त्यांनी वर्षानुवर्षं घोटून बसवलेला होता. पिवळी माती, थोडा लाल, पांढरा आणि चिमूटभर हिरवा, की कुठलाही साहेब निरोगी दिसे. बाईंना उठू न देता त्यांनी काम रेटलं, आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांचा चेहरा इतका खुलला, की बाई न राहवून उठल्या आणि कॅनव्हासच्या या बाजूला आल्या. चित्रातल्या बाईंची हनुवटी वर होती, ओठ मिटलेले, आणि नजर पाहणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे, संस्थेच्या भवितव्यावर.

"ही कुठल्या संस्थेची?" बाईंनी विचारलं.

पेंटरांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ती संस्था बरखास्त केली.

खरी अडचण काय आहे, हे त्यांना त्या पुसलेल्या कॅनव्हाससमोर कळलं. इतकी वर्षं ही बाई त्याच खुर्चीत बसत होती, पण तिच्या डोक्याच्या जागी ईझलला चिमट्याने लावलेला फोटो असायचा. कोटाच्या कॉलरपर्यंत ते बायकोकडे बघत, आणि कॉलरच्या वर नजर गेली की तिथे साहेब. एकदा तर काम रंगात आल्यावर ते बायकोला म्हणाले होते, "साहेब, जरा उजवीकडे." आणि ती उजवीकडे झाली होती. हे आठवून पेंटरांना हसू आलं, आणि हसता हसता बरं वाटेनासं झालं.

मग त्यांनी बघायला सुरुवात केली. उशिरा का होईना, पण डोळ्यांत तेल घालून. उजव्या भुवईत केस नसलेली एक फट होती, ती कधीपासून, त्यांना ठाऊक नव्हतं. डावा कान उजव्याहून मोठा निघाला. ऐकताना बाई खालचा ओठ आत घेत, बोलताना डोकं एका बाजूला कलवत. साहेबी रंग इथे कामाचाच नव्हता. डोळ्यांखाली एक करडी सावली होती, ती जमवायला पॅलेटवर सुरीने रंग घोटता घोटता सकाळ जाई. जमेपर्यंत खिडकीतला उजेड भिंतीवर गेलेला असे आणि सावली बदललेली असे. शिवाय साहेबांचे फोटो बोलत नसत. बाई बोलत. निळा स्वेटर घालून बसत आणि इतक्या वर्षांचं साचलेलं बोलत. मुलगी झाली तेव्हाची गोष्ट, शेजारणीचं भांडण, कारखानदाराच्या चित्राच्या वेळी बसून बसून पायाला आलेल्या मुंग्या. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की त्यांना चहा आवडत नाही, त्या आपल्या सोबत म्हणून घेतात. पेंटरांच्या हातातला ब्रश थांबला. दिवसातून चार वेळा हा चहा होत असे.

असं करत करत चेहरा आला. एकदम नाही आला. एक दिवस भुवई आली, दोन दिवसांनी ती गेली आणि ओठ आला. पातळ रंगावर जाड रंग, त्यावर तेलाचा हलका हात, पुन्हा खरवड, पुन्हा हात. शेवटी डोळ्यांत उजेडाचा ठिपका टाकायची वेळ आली. हा ठिपका ते सर्वांत बारीक ब्रशने, श्वास रोखून टाकत. तो पडला, आणि कॅनव्हासमधून बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ऐकून घेणारी, थोडी थकलेली, मनातल्या मनात काहीतरी ठरवलेली. पेंटर स्टुलावर बसले. ही बाई आपल्याला आवडते, असं त्यांना सरळ, तरण्या पोराला वाटावं तसं वाटलं, आणि या वयात आपण एकटेच बसून लाजतोय म्हणून ते आणखी लाजले.

राहिले होते फक्त हात. बाई त्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या. पेंटरांनी वाट पाहिली नाही. हातांना काय बघायचंय? हात पाठ होते. झोपेतून उठवून काढायला सांगितले असते तरी काढले असते. शीळ घालत त्यांनी खुर्चीचे हात रंगवले, त्यावर बाईंचे हात ठेवले, लांबसडक, सरळ, सपाट नखांचे, आणि डावी करंगळी नाजूकपणे बाहेर झुकवली. यावेळी सांधे जाड करायचे नव्हते, केस टाकायचे नव्हते, त्यामुळे काम अर्ध्या वेळात उरकलं. आपल्या जिवंतपणी एकदा तरी हे हात त्यांच्या मालकिणीला मिळाले, या विचाराने ते मनातून गलबललेही. दुपारी बाई परत आल्या तेव्हा चित्रावर फडकं टाकून ते तयार उभे होते.

त्यांनी फडकं काढलं. का कोण जाणे, 'हुबेहूब' हा शब्द तोंडातून निघाला नाही.

बाई बराच वेळ चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मी अशी बघते का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. पेंटर खिडकीबाहेर बघू लागले. मग बाईंची नजर खाली सरकली आणि तिथेच राहिली. त्यांनी पिशवी ठेवली, दोन्ही हात उचलले आणि ओल्या रंगाला लागणार नाहीत असे चित्रातल्या हातांशेजारी धरले.

"चेहरा माझा आहे," त्या म्हणाल्या. "हात साहेबांचे आहेत."

पेंटर म्हणणार होते, की अगं, तुझेच आहेत, सगळ्यांना तुझेच दिले. पण त्यांनी पाहिलं. चित्रातली बोटं सरळ होती. चित्राशेजारची बोटं मधल्या सांध्यांतून वाकलेली, सांधे सुजून गोल झालेले, आणि सगळी बोटं अशी आत वळलेली, की जणू खुर्चीचे हात अजून त्यांच्या मुठीत होते. करंगळी तर बाहेर नव्हतीच. ती शेजारच्या बोटाच्या अंगावर पडली होती.

"हे केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"त्या कापड गिरणीवाल्यांच्या चित्रापासून."

पेंटर मनात मागे गेले. गिरणीवाले, त्यानंतर दोन मुख्याध्यापक, रुग्णालयाचे विश्वस्त, तो जाडा वकील, आणि शेवटी पतपेढी. या सगळ्यांच्या वेळी हे वाकलेले हात समोर ठेवून, डोळे उघडे ठेवून, त्यांनी सरळ बोटं काढली होती.

"तुम्ही चित्रात सरळ करत होतात," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला दिसतंय. मला वाईट वाटू नये म्हणून करताय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते सहन होईना. पेंटरांना एक खोटं बोलता आलं असतं, आणि ते खोटं फार सुंदर झालं असतं. बाईंनी त्याला जागाही करून ठेवली होती.

"नाही गं," ते म्हणाले. "मला दिसलेच नाहीत."

बाईंनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला, एकाच कपाचा, आणि तो पेंटरांपुढे आणून ठेवला.

रंग अजून ओला होता. पेंटरांनी सुरी घेतली आणि चित्रातले दोन्ही हात मुळापासून खरवडून काढले. सुरीवर जो मऊ, गुलबट लगदा आला, तो त्यांनी कागदावर पुसला. मग खुर्ची खिडकीशी ओढली, पण तिचे हात बाईंना धरू दिले नाहीत. मांडीवर उशी ठेवली आणि त्यावर बाईंना जसे सोयीचे वाटतील तसे हात ठेवायला सांगितले. हात एकावर एक, मिटल्यासारखे पडले. पेंटरांनी कोळसा उचलला, खाली ठेवला, जवळ जाऊन एकेक बोट हातात घेऊन पाहिलं, कुठून दुखतं ते विचारलं, आणि मग परत जागेवर आले. चेहऱ्याला लागला त्याहून जास्त वेळ त्या हातांना लागला. बाई दमल्या की ते थांबत. आधी कधी थांबले होते का, हे त्यांना आठवेना, आणि विचारायचा धीर झाला नाही.

वाळलं, व्हार्निश झालं, चौकट बसली. कॅलेंडर दुसरीकडे गेलं आणि खिळ्याला चित्र लागलं. मेव्हणा बघायला आला तो ऐटीत, हुबेहूबपणातला आपला निम्मा वाटा घेऊनच. चित्रासमोर उभा राहिला, मागे सरकला, एक डोळा मिटला. चेहरा फक्कड आलाय, म्हणाला, ताई अगदी बोलेल असं वाटतंय. मग त्याने जिभेने च्च केलं.

"पण भावजी, हात नाही जमले. जरा सरळ करायचे होते."

उत्तर खुर्चीतून आलं.

"हातच तर जमलेत," बाई म्हणाल्या.